बांगड्याच्या नावामागचा माणूस : जॉर्ज क्युव्हिए



दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचं वर्गीकरण हा पाठ आपल्याला आहे. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड पाठ करताना कंटाळा येतो, हे काही खोटं नाही. पण ही उतरंड आकाशातून पडलेली नाही. कुणीतरी आयुष्यभर मासे चिरले, हाडं मोजली, चित्रं काढली, तेव्हा ती उभी राहिली. आज आपण अशाच एका माणसाचं चरित्र वाचणार आहोत. त्यांचं नाव जॉर्ज क्युव्हिए. काही पुस्तकांत क्यूव्हियर असंही लिहिलेलं दिसेल, माणूस एकच.

आपल्या सोनपेठपासून समुद्र फार लांब. रोहू, कटला, मरळ हे आपल्या ओळखीचे मासे. बांगडा, सुरमई, कुपा ही कोकणातली मंडळी. कुपा म्हणजे ज्याला जग ट्यूना म्हणतं त्या जातकुळीतला मासा. हे तिन्ही एकाच कुलातले. त्या कुलाचं नाव स्कॉम्ब्रिडी. त्यात आज सुमारे १५ प्रजाती आणि ५० हून थोड्या जास्त जाती मोजल्या जातात. सगळे अस्थिमत्स्य, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेले मासे. आपल्या बांगड्याचं शास्त्रीय नाव आहे रास्ट्रेलिजर कानागुर्ता. या नावातला दुसरा शब्द क्युव्हिए यांनी शास्त्रात आणला. गंमत म्हणजे तो शब्द फ्रेंच नाही, लॅटिनही नाही. तो कुठला, ते पुढे बघू.

बालपण : उसनं नाव आणि चित्रांचं पुस्तक

क्युव्हिए यांचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजी माँबेलिआर या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, पण त्या वेळी ते व्युर्टेंबर्गच्या जर्मन सरदाराच्या ताब्यात होतं. वडील निवृत्त सैनिक, पेन्शन तुटपुंजी. कागदोपत्री मुलाचं नाव वेगळंच आणि लांबलचक होतं. पण आधी वारलेल्या मोठ्या भावाचं जॉर्ज हे नाव घरच्यांनी याला लावलं आणि तेच जगभर झालं.

आईला स्वतःला लॅटिन येत नव्हतं. तरी ती रोज मुलाला समोर बसवून लॅटिनचा धडा म्हणून घ्यायची, चित्र काढायला लावायची. पालकांनी हे लक्षात घ्यावं. आपल्याला विषय येत नसला तरी मुलाजवळ बसता येतं. जॉर्जच्या हाती ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाचे प्राण्यांवरचे ग्रंथ पडले. तो त्यातली चित्रं उतरवून काढायचा आणि मजकुरात सांगितलेले रंग त्यात भरायचा. बघून काढायची ही सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडली.

१७८४ मध्ये त्यांना श्टुटगार्टच्या अकादमीत प्रवेश मिळाला. तिथलं शिक्षण जर्मन भाषेत, आणि यांना जर्मन येत नव्हतं. वर्षभराच्या आत त्यांनी त्याच भाषेत बक्षीस मिळवलं.

समुद्रकाठची सात वर्षं

१७८८ मध्ये शिक्षण संपलं, पण नोकरी मिळेना. घरी पैशाची चणचण. शेवटी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात एका श्रीमंत घराण्याच्या मुलाची शिकवणी त्यांनी धरली. पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली. पॅरिसमध्ये माणसांची डोकी उडत होती, आणि हा विशीतला शिक्षक समुद्रकाठी मासे, शिंपले, गोगलगाई गोळा करत बसलेला.

मोठं वाचनालय नाही, प्रयोगशाळा नाही. हाताशी चाकू, कागद आणि कोळ्यांनी आणलेली ताजी मासळी. क्युव्हिए मासा चिरायचे, आतली रचना बघायचे, चित्र काढायचे आणि पुस्तकात दिलेलं वर्णन त्याच्याशी ताडून बघायचे. पुष्कळदा पुस्तक एक सांगायचं आणि मासा दुसरंच. अशा वेळी कुणाचं ऐकायचं? क्युव्हिए यांनी माशाचं ऐकलं. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथे पडलं.

पॅरिस : आतून बघण्याचं शास्त्र

१७९५ मध्ये ते पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात रुजू झाले. ही संस्था क्रांतीच्या काळातच, १७९३ मध्ये, नव्या रूपात उभी राहिली होती. १७९६ मध्ये त्यांनी हत्तीच्या हाडांवर व्याख्यान दिलं. भारतातला हत्ती आणि आफ्रिकेतला हत्ती या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि जमिनीत सापडणारी मॅमथची हाडं या दोघांपैकी कुणाचीच नाहीत, हे त्यांनी जबड्यांची तुलना करून दाखवलं. म्हणजे तो प्राणी पृथ्वीवरून संपलेला आहे. जाती नामशेष होऊ शकते, ही गोष्ट आज लहान मुलांनाही माहीत असते. तेव्हा ती पचायला जड होती.

प्राण्याच्या शरीरातले अवयव सुटे सुटे नसतात, ते एकमेकांना धरून असतात, हा त्यांचा मुख्य विचार. दात मांस फाडणारे असतील तर पोट, पंजे, जबडा हेही त्या कामाला जुळणारेच असणार. म्हणून वर्गीकरण करायचं तर नुसता रंग किंवा आकार बघून भागत नाही, आतली रचना बघावी लागते. प्राणिसृष्टीवरच्या मोठ्या ग्रंथात त्यांनी सगळ्या प्राण्यांचे चार मोठे विभाग केले. पाठीचा कणा असलेले प्राणी हा त्यातलाच एक. आपण ज्यांना पृष्ठवंशीय म्हणतो, तेच हे.

मध्यंतरी सरकारं बदलत राहिली. नेपोलियन आला, गेला, परत राजे आले. क्युव्हिए प्रत्येक राजवटीत मोठ्या हुद्द्यावर राहिले. शिक्षण खात्याचे निरीक्षक म्हणून त्यांनी शाळा-महाविद्यालयं उभी करायलाही हातभार लावला. काही जण त्यांना संधिसाधू म्हणत. पण रात्री घरी आल्यावर त्यांचं टेबल, हाडं आणि मासे चुकत नसत.

कानागुर्ता : तेलुगू कोळ्यांचा शब्द

आता आपल्या बांगड्याकडे येऊ.

घोणस साप तुम्हाला माहीत आहे. इंग्रजीत त्याला रसेल्स व्हायपर म्हणतात. हे रसेल म्हणजे पॅट्रिक रसेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश डॉक्टर. ते विशाखापट्टणमला राहिले. तिथल्या किनाऱ्यावर कोळी जे मासे आणत, त्यांची त्यांनी एका भारतीय चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली आणि प्रत्येक माशाचं स्थानिक नाव विचारून लिहून ठेवलं. १८०३ मध्ये दोनशे माशांचा त्यांचा ग्रंथ लंडनला छापला गेला. त्यात एका माशाचं नाव होतं कानागुर्ता. हाच आपला बांगडा.

आपल्या सोनपेठ तालुक्याच्या कडेने वाहणारी गोदावरी पुढे तेलुगू मुलखातून जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. कानागुर्ता हा शब्द त्याच बाजूच्या किनाऱ्यावरचा.

क्युव्हिए कधीही भारतात आले नाहीत. त्यांच्यापुढे रसेल यांचं पुस्तक होतं. त्यातलं चित्र आणि वर्णन बघून त्यांनी ठरवलं, की हा मासा युरोपच्या बांगड्याचा भाऊबंद आहे, पण जात वेगळी आहे. प्राणिसृष्टीच्या ग्रंथात त्यांनी त्याला स्कॉम्बर कानागुर्ता असं नाव दिलं. स्कॉम्बर ही प्रजाती लिनियस यांनी १७५८ मध्येच केलेली होती. नवं नाव देताना क्युव्हिए यांना एखाद्या राजाचं किंवा मित्राचं नाव लावता आलं असतं. त्यांनी कोळ्यांचा शब्द ठेवला. ग्रंथावर साल १८१७ छापलं असलं तरी तो १८१६ च्या अखेरीस बाहेर आला, म्हणून शास्त्रज्ञ या नावापुढे १८१६ लिहितात.

आपल्याकडे याच माशाला बांगडा म्हणतात, गोव्यात बांगडो, कर्नाटकात बंगुडे, केरळात अयला. नावं कितीही असोत, जगातला कुठलाही अभ्यासक कानागुर्ता म्हटलं की हाच मासा समजतो. मात्र रसेलसाठी चित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं आणि शब्द सांगणाऱ्या कोळ्यांचं नाव जगापुढे आलं नाही. डॉक्टरांचं नाव सापाला मिळालं, क्युव्हिए यांचं नाव माशापुढे लागलं. कोळ्यांच्या वाट्याला त्यांचा शब्द तेवढा टिकला. विज्ञानाचा इतिहास वाचताना ही बाजूही बघायला हवी.

मुंबईची मांदेली पॅरिसला

पुस्तकांवर काम भागणारं नव्हतं, खरे नमुने हवे होते. बोर्दो शहराचे व्यापारी दुस्सुमिए जहाज घेऊन मलबार आणि मुंबईच्या किनाऱ्यावर ये-जा करायचे. माल नेता नेता ते इथले मासे पॅरिसच्या संग्रहालयालाही पोचवायचे. आपल्या मांदेलीचं शास्त्रीय नाव म्हणूनच कोइलिया दुस्सुमिएरी आहे.

क्युव्हिए यांचे सावत्र चिरंजीव आल्फ्रेड द्युव्होसेल तर थेट भारतात आले. बंगालमध्ये राहून त्यांनी प्राण्यांचे नमुने आणि चित्रं पॅरिसला पाठवली. कान्हाच्या जंगलातल्या बारशिंग्याचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरूनच क्युव्हिए यांनी १८२३ मध्ये ठेवलं. पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, आल्फ्रेड मद्रासला वारले. वय अवघं एकतीस.

दुःख आणि बावीस खंड

क्युव्हिए यांना स्वतःची चार मुलं झाली, चारही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्यातली शेवटची क्लेमाँतिन. तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या तोंडावर, १८२७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी ती गेली. बाप पार खचला.

तरीही १८२८ मध्ये माशांच्या महाग्रंथाचे पहिले खंड छापून आले. सोबतीला शिष्य व्हालाँसिएन होते. जगातल्या सगळ्या ज्ञात माशांचं वर्णन एका जागी करायचं, असा हा संकल्प. नुसती यादी नाही, तर प्रत्येक जात आधी कुणी पाहिली, कुणी चुकून दोन नावं दिली, कुणाचं चित्र खरं आणि कुणाचं फसवं, हे सगळं तपासून लिहायचं.

१८३२ च्या सुरुवातीला आठवा खंड आला. त्याचा विषय होता बांगडा, ट्यूना आणि त्यांचे नातेवाईक. या माशांची ओळखीची खूण अशी, की पाठीच्या आणि पोटाच्या मागच्या पराच्या पुढे शेपटीपर्यंत सुटे सुटे छोटे पर असतात. बांगड्याला ते वर पाच आणि खाली पाच असतात. शेपूट दुभंगलेली, तिच्याआधीचा भाग बारीक, अंग दोन्ही टोकांना निमुळतं. सतत वेगाने पोहणाऱ्याला शोभेल असंच शरीर. अवयव एकमेकांना धरून असतात हे क्युव्हिए यांचं म्हणणं पटवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

त्यांच्या हयातीत आलेला हा शेवटचा खंड ठरला. ८ मे १८३२ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये शेवटचं व्याख्यान दिलं. त्यानंतर अंगातली शक्ती जाऊ लागली, पक्षाघात पसरत गेला. १३ मे रोजी ते वारले. वय बासष्ट.

काम मात्र थांबलं नाही. व्हालाँसिएन यांनी आणखी सतरा वर्षं खपून १८४९ पर्यंत बावीस खंड पुरे केले. त्यात ४,५१४ जातींची वर्णनं आहेत, आणि त्यातल्या २,३११ त्या वेळी शास्त्राला नव्या होत्या. गुरूचं काम शिष्याने असं तडीस नेल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

जिथे ते चुकले

थोर माणसाचं चरित्र सांगताना चुका झाकू नयेत. क्युव्हिए यांचा जातींच्या बदलावर विश्वास नव्हता. जाती हळूहळू बदलतात असं त्यांचे सहकारी लामार्क सांगत होते. क्युव्हिए यांनी त्यांना कायम विरोध केला, लामार्क वारल्यावरही त्यांच्यावर कठोर लिहिलं. पुढे डार्विन आले आणि जाती बदलतात हे ठरलं. गंमत अशी, की उत्क्रांतीचा पुरावा म्हणून जे जीवाश्म पुढे केले जातात, त्यांचा अभ्यास शिस्तीने उभा करणाऱ्यांत क्युव्हिए पहिले होते.

दुसरी चूक जास्त गंभीर. दक्षिण आफ्रिकेतल्या सारा बार्टमान या स्त्रीला युरोपात तमाशासारखं दाखवलं जात होतं. १८१५ च्या अखेरीस ती पॅरिसमध्ये वारली. क्युव्हिए यांनी तिच्या देहाचं विच्छेदन केलं आणि माणसांच्या वंशांना वर-खाली लावणारे निष्कर्ष काढले. तिचे अवशेष विसाव्या शतकापर्यंत पॅरिसच्या संग्रहालयात मांडलेले होते. २००२ मध्ये ते मायदेशी नेऊन सन्मानाने पुरण्यात आले. मासे नीट बघणारा हाच माणूस माणसाकडे बघताना पूर्वग्रह बाजूला ठेवू शकला नाही. वर्गीकरण म्हणजे नातं शोधणं. त्याची उच्च-नीच केली की ते विज्ञान राहत नाही. आपल्या समाजात तर हे पक्कं लक्षात ठेवायला हवं.

त्यांच्या नावांचं पुढे काय झालं?

इथे वर्गीकरणाचे तीन नियम सहज समजतात.

पहिला नियम : प्राण्यांच्या दोन प्रजातींना एकच नाव चालत नाही. क्युव्हिए यांनी ट्यूनाच्या प्रजातीला थिन्नस नाव दिलं. पण ते नाव एका गांधीलमाशीसारख्या कीटकाला १७७५ मध्येच दिलेलं निघालं. म्हणून ट्यूनाचं नाव बदलून थुन्नस झालं.

दुसरा नियम : आधी दिलेलं नाव खरं. सुरमईच्या प्रजातीला क्युव्हिए यांनी सायबियम म्हटलं. पण त्यांचेच ज्येष्ठ सहकारी लासेपेद यांनी आधीच स्कॉम्बेरोमोरस हे नाव वापरलेलं होतं. म्हणून आज तेच चालतं. शास्त्रात मोठा-लहान बघत नाहीत, आधी कोण एवढंच बघतात.

तिसरा नियम : मासा दुसऱ्या प्रजातीत गेला तर नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं. बांगड्याच्या कल्ल्यांवर दाताळ्यासारखे लांब दाते असतात. पाण्यातले बारीक जीव तो त्यांनी गाळून खातो. या लांब दात्यांमुळे १९०८ मध्ये त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली गेली, रास्ट्रेलिजर, म्हणजे दाताळं बाळगणारा. तेव्हापासून बांगड्याच्या नावापुढे क्युव्हिए, १८१६ हे कंसात लिहितात. मांदेली मात्र पहिल्याच प्रजातीत राहिली, म्हणून तिच्या नावापुढे व्हालाँसिएन यांचं नाव कंसाशिवाय येतं.

आज नातं ठरवायला डीएनए बघतात. क्युव्हिए यांनी बांगड्याच्या मोठ्या घोळक्यात पापलेटचे भाऊबंदही बसवले होते आणि तलवारमासाही. डीएनएने पापलेटला बांगड्याच्या गणात ठेवलं आणि तलवारमाशाला बाहेर काढलं. पापलेटसारखा दिसणारा हलवाही पापलेटचा सख्खा नव्हे, तो वेगळ्याच कुलातला. दिसण्यावर जाऊ नका, हे क्युव्हिए सांगत होते ते असं.

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही बरं का. लहान मासळी पकडू नये, अमुक जात कमी होतेय का बघावं, हे नियम जातीवार करावे लागतात. जात नीट ओळखली नाही, तर एक संपत चाललेली असते आणि आपण दुसरीच मोजत बसतो. मॅमथ कायमचा गेला हे दाखवणाऱ्या माणसाच्या कामाचा आज असा उपयोग होतो.

स्वाध्याय

१. क्युव्हिए यांच्या शिक्षणात त्यांच्या आईचा वाटा कोणता?
२. कानागुर्ता हा शब्द तेलुगू किनाऱ्यावरून शास्त्रीय नावात कसा पोचला, ते आठ-दहा ओळींत लिहा.
३. शास्त्रज्ञाचं नाव कंसात केव्हा लिहितात? बांगडा आणि मांदेली यांच्या उदाहरणाने सांगा.
४. क्युव्हिए यांची कोणती चूक तुम्हाला जास्त गंभीर वाटते? का?

उपक्रम : गोदावरीवर मासेमारी करणाऱ्या काका-आजोबांना भेटा. जाळ्यात येणाऱ्या माशांची त्यांच्या तोंडची नावं वहीत लिहा, शेजारी माशाचं चित्र काढा, आणि नाव सांगणाऱ्याचं नावही त्यांना विचारून खाली लिहा. रसेल यांच्या पुस्तकात जे राहून गेलं, ते आपल्या वहीत राहू नये.